पोटखराब, सात गुंठे

होटगी मागे पडली, सिमेंटच्या धुळीनं पांढुरकी झालेली बाभूळ मागे पडली,
मग डांबर संपलं आणि चाकोरी सुरू झाली.
फटफटीवर माझ्या पाठीशी इरण्णा शिपाई,
मोजणीचं यंत्र तान्ह्या लेकरासारखं मांडीत धरून.
काम साधं होतं:
रूपला तांडा आता महसुली गाव होणार,
चतुःसीमा लिहायच्या, खुणा रोवायच्या,
दिवस बुडायच्या आत सोलापूर.

उत्तरेस ओढा. दहा महिने नुसता नावाला.
पूर्वेस मुरमाड माळ, त्यावर काही नाही, टिटवी आहे.
दक्षिणेस दोन कोसांवर कर्नाटक,
तिथं एसटीचा रंग बदलतो, उन्हाचा नाही.
पश्चिमेस कोरांचं गाव, असं जेमला नायक म्हणाला
आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला,
कारण गोर म्हणजे ते,
कोर म्हणजे मी आणि उरलेलं सगळं जग.

रकाना सहा. वसाहत केव्हापासून?
नायक म्हणाला, कुठली?
आधी तिथं होतो, ओढ्याच्या वळणावर,
तापाची साथ आली, उठलो.
मग त्या टेकाडावर. तीन पुरुष खोल खणलं, पाण्याऐवजी धूर निघाल्यासारखी माती.
मग इथं.
मी यंत्राला डोळा लावला.
तिन्ही जागा एकाच नजरेत मावत होत्या.
ज्यांचे बैल कोकणातून घाट चढून यायचे
ते शंभर वर्षांत एवढंच चालले?
चालू कोण देत होतं, तो म्हणाला.
रात्री दोनदा हजेरी असायची. कंदील घेऊन पाटील यायचा.
माझा आजा म्हातारपणी झोपेत कूस बदलतानाही
हाजर म्हणायचा.

दुपारी जोंधळ्याच्या रानात एक तुकडा मोकळा दिसला.
चहूकडं मालदांडी छातीएवढी,
मधे हे टक्कल.
चोपण जमीन, मी इरण्णाला म्हणालो, निचरा नाही,
या पट्ट्यात असे डाग असतात, क्षार वर येतात.
मीठ आहे ते, सोमली म्हणाली.
हातात खुरपं, दंडावर बलोयांचे पांढरे वळ,
बलोया मात्र नव्हत्या.
दोनशे बैलांची लदेणी होती, साहेब.
सोलापुरात पोचले तर आगगाडी आधीच पोचलेली.
वाघिणीच्या वाघिणी मीठ, भाव मातीचा.
चार दिवस पेठेत बसले, कुणी गोणीला हात लावला नाही.
परत निघाले, इथवर आले,
आणि रूपला नायक म्हणाला, बैलांना हलकं करा.
गोण्या इथं सोडल्या.
हलके बैल अक्कलकोटच्या बाजारात विकले.
पाऊस पडला तेव्हा म्हणे आठ दिवस
ओढ्याचं पाणी कुठल्याच जनावरानं तोंडी लावलं नाही.

पावसानं मीठ एवढी वर्षं राहत नाही, बाई.
ती वाद घालत बसली नाही.
चिमूटभर उचलून माझ्या तळहातावर ठेवलं
आणि तुरीची ओळ खुरपायला गेली.
इरण्णा दुसरीकडे बघू लागला.
मी जीभ लावली.

चार कोपरे मोजले. सात गुंठे, थोडं वर.
आमच्या खात्यात याला शब्द आहे: पोटखराब.
पिकाखाली नाही, सारा नाही,
गटाच्या पोटात आहे पण हिशेबात नाही.
तोच लिहिला.
खूण रोवायला दगड हवा होता,
नसाब बसते त्या लिंबाखालचा एक सपाट दगड
इरण्णानं उचलायला घेतला, तर नायक म्हणाला,
तो नको, त्यावर दंड ठरतात.
दुसरा दिला. माळावरचा, कुणाचाच नसलेला.

अर्ज तीन आठवड्यांनी परत आला.
सोबत लाल शाईत:
रकाना सहा कोरा का?
आणि पोटखराबच्या पुढे शेऱ्यात
'मीठ (रूपला नायकाचं)' म्हणजे काय,
उलट टपाली खुलासा करावा.

कागद टेबलावर आहे.
खिडकीतून मालगाडीचा आवाज येतो, डबे मोजायची सवय आहे,
अठ्ठावन्न, एकोणसाठ.
खुलासा अजून केलेला नाही.